पेट्रोल भरलं की पिकअप बंद पडते: फ्युएल पंप बदलण्याआधी हे तपासा

गाडी एरवी उत्तम चालते. पहाटे थंड इंजिनावर पहिल्याच सेल्फला सुरू होते, माल भरलेला असला तरी ओढते, वाटेत कुठे अडत नाही. पण पंपावर टाकी फुल करून चावी फिरवली की सेल्फ लांबत जातो, इंजिन कसंबसं पेटतं, थरथरतं आणि पंपाच्या दारातच बंद पडतं. पुन्हा सेल्फ, पुन्हा तेच. शेवटी ॲक्सिलरेटर दाबून धरून, रेस देत देत नेली की पाच-दहा मिनिटांत सुतासारखी सरळ होते. मग पुढची टाकी भरेपर्यंत तक्रार नाही.

तुमच्या पेट्रोल पिकअपचं असंच होत असेल तर इतक्यात फ्युएल पंपाला हात लावू नका. गेल्या उन्हाळ्यात बडोद्यात प्रतापनगरला माझ्या गॅरेजवर अशीच एक गाडी आली. दोष सापडला, मी तो दुरुस्त केला, आणि तीन आठवड्यांनी तोच दोष घेऊन ती परत आली. दुसऱ्या खेपेला मूळ कारण हाती लागलं. पहिल्या खेपेला मी जिथे थांबलो तिथेच बहुतेक दुरुस्त्या थांबतात, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

गाडी एका काकांची. पादऱ्याकडून भाजी भरायची आणि उजाडायच्या आत खंडेराव मार्केटला पोहोचवायची, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा धंदा. बीएस-६ पेट्रोल इंजिन, तीस लिटरची टाकी. गाडी कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही, कारण दोष ज्या रचनेत सापडला ती आजच्या सगळ्याच पेट्रोल गाड्यांत असते आणि हा दोष कुठल्याही गाडीत येऊ शकतो.

माझ्याकडे येण्याआधी तीन ठिकाणी काम झालं होतं. पहिल्या ठिकाणी प्लग बदलले, दुसऱ्या ठिकाणी बॅटरी, तिसऱ्या ठिकाणी टाकी उतरवून फ्युएल पंप. तिन्ही वेळा गाडी सुरू करून दाखवली आणि तिन्ही वेळा ती सुरू झाली, कारण गॅरेजमध्ये तिला कोणी पेट्रोल पाजत नव्हतं. सगळ्यांचं शेवटचं मत एकच: पेट्रोलात भेसळ आहे. काकांनी मग पेट्रोल पंपही बदलून पाहिले. एकदा पादऱ्याला भरलं, एकदा अटलादऱ्याजवळ, एकदा मकरपुऱ्याला. फरक शून्य. मला सांगताना ते अगदी वैतागून म्हणाले, "अरे, सगळ्या गावाचं पेट्रोल खराब कसं असेल? आणि असलंच, तर दहा मिनिटांनी ते चांगलं कसं होतं?"

त्यांच्या या प्रश्नातच अर्धं उत्तर होतं. खराब पेट्रोल दहा मिनिटांत सुधारत नाही.

आधी वही, मग बॉनेट

माझे आजोबा कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली काढलेली ती तंत्रशिक्षणाची संस्था १९४९ नंतर आपल्या बडोद्याच्या विद्यापीठाचा भाग झाली, पण आमच्या घरात तिचं नाव अजून कलाभवनच आहे. आजोबा म्हणायचे, यंत्र कुठे बिघडलं ते नंतर बघ, आधी कधी बिघडतं ते लिहून काढ. अधूनमधून येणाऱ्या दोषाला याहून चांगलं हत्यार मी पाहिलेलं नाही. म्हणून पहिल्या दिवशी मी बॉनेट उघडलंच नाही. काकांच्या हातात दोनशे पानी वही दिली. ते रागावले. "मला गाडी नीट करून हवी आहे आणि तू मला अभ्यास देतोस?" पण त्यांच्या सूनबाई भाजीचा हिशेब ठेवतात. त्यांनी वही घेतली आणि दोन आठवडे एकही नोंद चुकवली नाही.

रकाने पाच होते. भरण्याआधी काटा कुठे होता. किती रुपयांचं भरलं की फुल केली. नोझल आपोआप कट झाल्यावर आणखी ओतलं का. इंजिन गरम होतं की थंड. आणि बंद पडली असेल तर पंपातून निघाल्यावर किती अंतरावर.

दोन आठवड्यांत सात वेळा पेट्रोल भरलं गेलं. चार वेळा गाडी बंद पडली, तीन वेळा नाही. बंद पडलेल्या चारही वेळा टाकी फुल केली होती, कट झाल्यावर आणखी ओतलं होतं, आणि गाडी पंपाच्या आवारातच बंद पडली होती. ज्या तीन वेळा काही झालं नाही, तेव्हा पाचशेचं किंवा सातशेचं भरून काका निघाले होते. पंप कुठला याचा काही संबंध नव्हता.

शेवटच्या रकान्याबद्दल थोडं सांगायला हवं, कारण अंतर फार बोलतं. पेट्रोलात पाणी असेल तर गाडी सहसा पंपावर बंद पडत नाही. नळीत आणि रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीत, आधीचं पेट्रोल असतं, ते संपेपर्यंत ती चालते. मग अर्ध्या, एक किंवा दोन किलोमीटरवर मिसिंग सुरू होतं, गाडी गचके खाते आणि बंद पडते. अशी गाडी दहा मिनिटांनी बरीही होत नाही, उलट बिघडत जाते. २०२३ पासून येऊ लागलेलं २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आता जवळपास सगळीकडे आहे. त्यातलं इथेनॉल थोडं पाणी स्वतःत सामावून घेतं. पाणी मर्यादेबाहेर गेलं की मात्र इथेनॉल आणि पाणी दोन्ही मिळून पेट्रोलातून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, जिथून फ्युएल पंप ओढतो नेमकं तिथेच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी वस्त्यांत शिरलं, त्यानंतर आठवडेच्या आठवडे माझ्याकडे अशा गाड्या येत होत्या. शंका असेल तर टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढा आणि तासभर न हलवता ठेवा. दोन थर दिसले, मधे रेघ दिसली, तर टाकी रिकामी करून धुवावी लागेल. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी, घनता आणि पाच लिटरचं माप तपासून मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. भांडण न करता शांतपणे मागा, करून देतात.

आणि एक अगदी साधी खात्री, जी लाजेपोटी कोणी करत नाही: पावती वाचा. पेट्रोल गाडीत डिझेल गेलं नाही ना, हे आधी पाहा. गेलं असेल तर सेल्फ मारूच नका. चावी बंद ठेवून गाडी ढकलत बाजूला घ्या आणि टाकी उपसा.

चहाची परीक्षा

वहीवरून संशय टाकी फुल करण्यावर आला खरा, पण एक वाट अजून बंद करायची होती. पंपावर गेलं की फक्त पेट्रोल भरलं जात नाही. गरम इंजिन बंद होऊन पाच-दहा मिनिटं उभंही राहतं. पंखा थांबतो, वारा थांबतो, बॉनेटखालची उष्णता आहे तिथेच साठते आणि इंजिन बंद केल्यावर काही मिनिटं आतलं तापमान उलट वाढतं. अशा वेळी रेलमधल्या पेट्रोलात वाफेचे बुडबुडे होऊ शकतात. किंवा क्रँक सेन्सर (इंजिन फिरतंय हे इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवणारा), जो बऱ्याचदा गरम झाल्यावरच दगा देतो, तो तेवढ्यापुरता गप्प बसतो. दोन्हीची लक्षणं वरवर पाहता आपल्या तक्रारीसारखीच.

तेव्हा काकांना सांगितलं, "उद्या पंपावर थांबता तेवढाच वेळ चहाच्या टपरीवर थांबा. इंजिन बंद करा, चहा घ्या, पेट्रोल भरू नका, आणि मग सुरू करा." तीन दिवस त्यांनी हे केलं. तिन्ही दिवस गाडी एका सेल्फला सुरू झाली. म्हणजे नुसतं थांबणं दोषी नाही. हीच गाडी चहानंतरही रुसली असती तर मी सेल्फ मारताना आरपीएमच्या काट्याकडे पाहिलं असतं. इंजिन फिरतंय आणि काटा जागचा हलत नाही, तर बोट क्रँक सेन्सरकडे जातं. मग रेलला गेज लावून दाब मोजला असता. अशा इंजिनांत तो साधारण तीन ते चार बार असतो, नक्की आकडा आपापल्या गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात बघावा.

या परीक्षेला पैसे लागत नाहीत, हत्यार लागत नाही. तरी तीन गॅरेजांत कोणी ती केली नव्हती, हे मला अजून सलतं. काकांनी फ्युएल पंपाचे पैसे दिले ते पहाटे तीनला उठून कमावलेले होते.

वाफेचा रस्ता

आता मुख्य गोष्ट. पेट्रोल नुसतं टाकीत पडून असलं तरी त्याची वाफ होत राहते. मे महिन्यात बडोद्याचा पारा ४२-४३ अंशांवर असताना ती किती होत असेल, ते झाकण उघडताना येणाऱ्या 'फुस्स' आवाजावरून कळतं. ही वाफ हवेत सोडायची नाही म्हणून टाकीपासून एक नळी कॅनिस्टरला जाते. कॅनिस्टर म्हणजे कोळशाचा डबा. आत सक्रिय कोळशाची बारीक कणी भरलेली असते आणि ती वाफ धरून ठेवते. डब्याला तीन तोंडं: एक टाकीकडून येणारं, दुसरं बाहेरच्या हवेला उघडं, तिसरं इंजिनाच्या इनटेककडे, म्हणजे हवा आत जाण्याच्या वाटेकडे, जाणारं. या तिसऱ्या वाटेवर विजेवर चालणारी एक छोटी झडप असते, तिला आपण पर्ज व्हॉल्व्ह म्हणतो.

ही झडप एरवी बंद असते. इंजिन गरम होऊन रस्त्यावर नीट चालू लागलं की कॉम्प्युटर तिला बेताबेताने उघडतो. इनटेकमधल्या ओढीने बाहेरची हवा डब्यातून जाते, साठलेली वाफ बरोबर नेते आणि ती इंजिनात जळते. डबा पुन्हा रिकामा. चांगली व्यवस्था आहे, इंधनही वाया जात नाही.

बिघाड होतो तो झडप उघडीच राहिल्यावर. मग सेल्फ मारतानाही वाट खुली असते आणि आयडलवरही, म्हणजे रेस न देता इंजिन नुसतं चालू असतानाही. आयडलवर थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) जवळजवळ बंद असतं, त्यामुळे इनटेकमधली ओढ सर्वांत जोरदार तेव्हाच असते. जेव्हा वाफ मुळीच नको, नेमकी तेव्हाच ती सर्वांत जास्त खेचली जाते. एक भाग पेट्रोलला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे शुद्ध पेट्रोलचं प्रमाण. इथेनॉलच्या मिश्रणाला हवा थोडी कमी लागते, पण हिशेब तसाच कडक असतो. कॉम्प्युटर आलेली हवा मोजून पेट्रोल सोडतो. चोरवाटेने आलेल्या वाफेचा त्याला पत्ता नसतो. मिश्रण जड होतं, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, प्लग ओले होतात, इंजिन गुदमरतं.

मग रोज का नाही, भरल्यावरच का? कारण पेट्रोल जोरात पडताना टाकीत घुसळलं जातं आणि वाफ एकदम वाढते. शिवाय वीस लिटर पेट्रोल आत आलं म्हणजे वीस लिटर वाफाळलेली हवा कुठेतरी जायला हवी. बरीचशी तोंडातून बाहेर पडते, पंपावर आपल्याला तिचाच वास येतो. बाकीची डब्याकडे जाते. एरवी उघड्या झडपेतून येणारी थोडी वाफ इंजिन सांभाळून घेतं, ही लाट त्याला झेपत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की थ्रॉटल उघडतं, हवा भरपूर येते, ओढ कमी होते आणि इंजिन तग धरतं. पाच-दहा मिनिटांत साठलेली वाफ संपते आणि गाडी शहाणी होते. काकांच्या "दहा मिनिटांनी चांगलं कसं होतं" याचं उत्तर हे.

तपासणी

मी पहिल्यांदा स्कॅनर (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं यंत्र) लावला तो पंपावरून निघाल्या निघाल्या, आवाराबाहेर रस्त्याच्या कडेला. चेक लाइट लागलेली नव्हती, आणि या दोषात ती लागेलच असं धरून चालू नका. पण शॉर्ट टर्म फ्युएल ट्रिमचा, म्हणजे कॉम्प्युटर त्या क्षणी पेट्रोल किती वाढवतो किंवा कापतो त्याचा, आकडा उणे २४ टक्के दाखवत होता. याचा अर्थ कॉम्प्युटर जिवाच्या आकांताने इंजेक्टरचं पेट्रोल कापत होता. दहा मिनिटांनी तोच आकडा उणे ५ वर आला. शून्याच्या दोन्ही बाजूंना दहाच्या आत तो हलत राहणं ठीक. टाकी भरताच असा खोल जाणं आणि मग सावरणं, ही वाफेचीच खूण. काही गाड्यांत पी०१७२ म्हणजे मिश्रण जड, किंवा पी०४४१, पी०४९६ म्हणजे पर्जचा प्रवाह चुकीचा, असे कोड साठलेले सापडतात. सापडले तर काम सोपं झालं.

मग गॅरेजवर, इंजिन पूर्ण थंड असताना. पर्ज व्हॉल्व्ह बहुतेक गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डजवळच असतो. अंगठ्याएवढा प्लास्टिकचा, दोन नळ्या आणि दोन पिनांचा सॉकेट. इंजिन सुरू करून आयडलवर ठेवा, डब्याकडून येणारी नळी काढा आणि व्हॉल्व्हच्या उघड्या तोंडावर बोट धरा. थंड इंजिनाच्या आयडलवर ओढ जाणवायला नको. काकांच्या गाडीत बोट चिकटून बसलं.

नळी काढल्याक्षणी आयडल बदललं तरी तो पुरावाच आहे. नंतर व्हॉल्व्ह सोडवून बाहेर काढा. वीज नसताना त्यातून हवा आरपार जाता कामा नये. हाताचा व्हॅक्यूम पंप लावून पाहा, तोंडाने फुंकू किंवा ओढू नका, आत पेट्रोलची वाफ असते. बारा व्होल्ट दिल्यावर टिक्क आवाज येऊन तो उघडला पाहिजे. कॉइलचा रोध बहुतेक गाड्यांत वीस-तीस ओहमच्या आसपास मिळतो. मात्र कॉइल चांगली आहे म्हणून व्हॉल्व्ह चांगला असं समजू नका. काकांच्या व्हॉल्व्हची कॉइल ठणठणीत होती, टिक्क आवाजही येत होता. आतली झडप मात्र बैठकीवर, म्हणजे ती जिथे टेकून बंद होते त्या जागेवर, नीट बसत नव्हती.

हे सगळं उघड्यावर करा, जवळ बिडी, वेल्डिंग, ग्राइंडर काही नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि दूरची ठिणगी पकडते.

भाग विकत घेण्याआधी मी आणखी एक खात्री करतो. डब्याकडून येणारी नळी आणि व्हॉल्व्हचं तोंड दोन्ही रबरी बुच लावून घट्ट बंद करतो आणि मालकाला टाकी भरून यायला सांगतो. काका फुल करून आले, गाडी पहिल्या सेल्फला सुरू. दोष सिद्ध. पण हे फक्त परीक्षेपुरतं. बुचं लावून गाडी वापरत राहिलात तर डबा कधीच रिकामा होणार नाही, वाफ कोंडेल आणि पेट्रोलचा वास केबिनमध्ये येईल.

नवा व्हॉल्व्ह बसवला. फ्युएल पंपाच्या मानाने त्याची किंमत काहीच नाही. थ्रॉटल बॉडीवर काजळी होती तीही साफ केली, कारण काजळीने आयडलची हवा आधीच कमी झालेली असते आणि जड मिश्रणात इंजिन लवकर मरतं. काका खूश होऊन गेले. दुसऱ्या दिवशी मुलाच्या हाती मेथीच्या चार जुड्या पाठवल्या.

तीन आठवड्यांनी

गाडी परत आली तेव्हा काका काही बोलले नाहीत. नुसती वही पुढे केली. मला फार वाईट वाटलं.

नवा व्हॉल्व्ह काढला आणि पांढऱ्या फडक्यावर आपटला. फडक्यावर काळी कणी पडली, बारीक रव्याएवढी. जुना व्हॉल्व्ह ठेवलेलाच होता, तोही आपटला. त्यातूनही तीच. मी पहिल्या वेळी हे केलं असतं तर गाडी परत आली नसती. ती कणी म्हणजे डब्यातला कोळसा. डबा आतून फुटत होता, कोळसा ओढीबरोबर येऊन झडपेच्या बैठकीत अडकत होता आणि झडप उघडी राहत होती. झडप बिघडवणारा दुसराच होता.

कॅनिस्टर खाली उतरवला. हातात घेताच जड लागला. हलवल्यावर आत पाण्यासारखं काहीतरी डचमळलं. ते द्रव पेट्रोल होतं. डब्यात फक्त वाफ जायला हवी. द्रव पेट्रोल गेलं की कोळसा भिजतो, त्याची वाफ धरण्याची ताकद जाते आणि कणी हळूहळू सुटी होऊन चुरा होते.

आता वहीतला तिसरा रकाना पुन्हा वाचा: नोझल कट झाल्यावर आणखी ओतलं का. पंपाच्या नोझलच्या टोकाला एक बारीक भोक असतं. पेट्रोल वाहत असताना त्या भोकातून हवा ओढली जाते. टाकीतलं पेट्रोल चढून ते भोक बुडलं की हवा थांबते, आतला पडदा खेचला जातो आणि नोझल आपोआप कट होतं. त्या क्षणी टाकीत जी जागा मोकळी उरते ती मुद्दाम सोडलेली असते. पेट्रोल तापून फुगतं, त्याला ती जागा लागते आणि वाफेलाही. पण पंपावरचा मुलगा विचारतो, "काका, राउंड करी दउं?", म्हणजे रुपयांचा आकडा गोल करून देऊ का, आणि काका मान डोलावतात. मग थेंब थेंब ओतायचं, गाडी हलवायची, बुडबुडे निघू द्यायचे, पुन्हा ओतायचं. गळ्यापर्यंत भरलेली टाकी घेऊन गाडी रस्त्यावर आली, दोन खड्ड्यांत उसळली, वळणावर कलंडली की पेट्रोल वाफेच्या नळीतून सरळ डब्यात. काका हे वर्षानुवर्षं करत होते. त्यात त्यांची गाडीवरची माया होती. त्यांच्या वडिलांनी शिकवलं होतं की टाकी नेहमी काठोकाठ ठेवावी, म्हणजे आतून गंजत नाही. वडिलांच्या लोखंडी टाकीच्या, कार्ब्युरेटरच्या गाडीला ते लागूही होतं. तिला कोळशाचा डबा नव्हता.

दुसऱ्या दुरुस्तीत कॅनिस्टर नवा घातला, व्हॉल्व्ह पुन्हा नवा घातला आणि दोघांमधली नळी दोन्ही टोकांनी सोडवून कॉम्प्रेसरच्या हवेने साफ केली. दोन्ही टोकं सोडवल्याशिवाय हवा मारू नका, नाहीतर चुरा इनटेकमध्ये किंवा परत डब्यात जाईल. टाकीवर वाफेच्या नळीच्या मुळाशी एक तरंगता व्हॉल्व्ह असतो, द्रव पेट्रोल वर आलं की वाट बंद करणारा. तोही पाहिला, तो चांगला निघाला. तो खराब असेल तर कितीही जपून भरलं तरी नवा डबा भिजेल.

नळ्या काढल्या आहेत तर डब्याच्या हवेच्या तोंडात एकदा टॉर्च मारून बघा. दुसऱ्या एका पिकअपमध्ये, जी शेतावर महिना-महिना उभी असायची, कुंभारमाशीने तिथे मातीचं घर बांधलं होतं. तिची तक्रार उलटी होती. पंपावर नोझल सारखं कट व्हायचं, पेट्रोल आत जाईचना, आणि लांब पल्ल्यावर टाकीत पोकळी होऊन गाडी दम सोडायची. झाकण सैल केलं की ठीक. झाकण सैल केल्याने फरक पडत असेल तर दोष हवेच्या वाटेत आहे, पर्ज व्हॉल्व्हमध्ये नाही.

पिकअप डिझेलची असेल तर यातलं बहुतेक काही लागू नाही, डिझेलला हा डबा नसतो. तिथे भरल्यावर बंद पडणं म्हणजे तळाचा गाळ ढवळला जाऊन जाळी किंवा फिल्टर तुंबणं, फिल्टरखाली पाणी साठणं, किंवा सैल क्लॅम्पमधून नळीत हवा शिरणं. आधी फिल्टरचं पाणी सोडा, मग हातपंपाने हवा काढा. सीएनजीची असेल आणि गॅस भरून आल्यावर सेल्फच घेत नसेल, तर आधी गॅस भरायच्या तोंडावरची झाकणी नीट लागली आहे का ते पाहा. कंपनीतून सीएनजी बसवून आलेल्या अनेक गाड्यांत तिथे स्विच असतो आणि झाकणी उघडी असली तर गाडी सुरूच होत नाही. आणि ज्यांची गाडी गॅसवरच फिरते त्यांच्या टाकीत तेच पेट्रोल महिनोन्‌महिने पडून असतं. ते वापरत चला.

काकांना मी एवढंच सांगितलं की नोझल पहिल्यांदा कट झालं की थांबा. रुपयांचा आकडा गोल आला नाही तरी चालेल. त्यांना हे मनाविरुद्ध वाटलं. टाकी अर्धवट ठेवून पहाटे निघायचं, वाटेत संपलं तर भाजी सुकेल, ही त्यांची भीती खरी आहे. पण कटपर्यंत भरलेली टाकी अर्धवट नसते, फुलच असते. हे मी त्यांना मोजून दाखवलं. कटनंतर जे जात होतं ते जेमतेम लिटर-दीड लिटर, आणि त्यातलंही काही डब्यात.

वही अजून चालू आहे. सूनबाईंनी त्यात सहावा रकाना आखला आहे, कट झाल्यावर थांबवलं का हा, आणि तो त्या स्वतः विचारून भरतात. दिवाळीपर्यंत एकवीस वेळा पेट्रोल भरलं गेलं, एकदाही गाडी बंद पडली नाही. ट्रिमचा आकडा भरल्यानंतर लगेच पाहिला तरी उणे सहाच्या खाली गेलेला नाही. पण हे सगळं पावसाळ्यातलं आणि थंडीतलं. वाफेचा जोर मे महिन्यात असतो. तेव्हा तळपत्या उन्हात, गरम इंजिनावर, कटपर्यंत भरलेल्या टाकीने दोन-तीन वेळा गाडी सुरू करून पाहीन, आणि मगच काकांची वही बंद करेन.